जनुक वाढलं, म्हणून काय सिद्ध झालं? बुरशीचे पंप आणि आपली घाईची वाक्यं

आज मला एका वाक्यावर टीका करायची आहे. वाक्य असं: "मिठाच्या ताणाखाली अमुक आयन-पंपाच्या जनुकाची अभिव्यक्ती इतक्या पटीने वाढली. यावरून हे प्रथिन ताणाशी जुळवून घेण्यात महत्त्वाची भूमिका बजावतं, असं दिसून येतं."

बुरशी आणि ताण या विषयावरचं थोडंफार वाचन असेल तर हे वाक्य तुम्हाला कुठल्या ना कुठल्या रूपात नक्की भेटलं असेल. माझ्या स्वतःच्या सहामाही प्रगती अहवालात ते तीनदा आहे. सल्लागार समितीच्या बैठकीत एका सदस्यांनी चष्मा वर करून एवढंच विचारलं, "यावरून म्हणजे कशावरून?" मी स्लाइडवरच्या खांबांकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "हे दिसतंय. पण यावरून ते कसं?" त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. ही पोस्ट म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आधी पंप म्हणजे काय ते बघू

पेशीला मिठाचा त्रास दोन बाजूंनी होतो. बाहेर मीठ जास्त झालं की पाणी पेशीतून बाहेर ओढलं जातं आणि पेशी आक्रसते. हा परासरणाचा त्रास. दुसरा त्रास सोडियमचा स्वतःचा. सोडियम आत शिरलं की पोटॅशियमवर चालणारी एन्झाइमं अडखळतात. लोणच्यात आपण मूठमूठ मीठ घालतो ते याच दोन गोष्टींच्या भरवशावर.

सोडियम बाहेर फेकायला ऊर्जा लागते, कारण बाहेर ते आधीच जास्त असतं. हे काम करणारी प्रथिनं पेशीच्या पटलात बसलेली असतात. एटीपी मोडायचा, त्यातला फॉस्फेट स्वतःला चिकटवून घ्यायचा, आकार बदलायचा आणि आयन पलीकडे सोडायचा, अशी त्यांची पद्धत. या कुळातला पहिला पंप डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्को यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंमध्ये शोधला. त्यासाठी त्यांना १९९७ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला.

आपल्या पेशींमध्ये हा सोडियम-पोटॅशियम पंप मुख्य असतो. बुरशीची व्यवस्था वेगळी. तिथला मुख्य पंप प्रोटॉन बाहेर टाकतो. पावाच्या यीस्टमध्ये त्याचं नाव पीएमए१. पेशीच्या बाह्यपटलात सर्वांत जास्त संख्येने असणारं हे प्रथिन, आणि ते काढून टाकलं तर यीस्ट जगतच नाही. प्रोटॉन बाहेर फेकल्यामुळे पटलाच्या दोन बाजूंत फरक तयार होतो आणि बाकीची बरीच ने-आण त्या फरकावर चालते. धरणात पाणी साठवून त्यावर गावची पिठाची गिरणी चालवावी तसं. एनएचए१ नावाचं प्रथिन याच फरकाचा वापर करतं: प्रोटॉन आत येऊ द्यायचे आणि त्या बदल्यात सोडियम बाहेर ढकलायचं.

पण बाहेरचं वातावरण अल्कधर्मी झालं तर? तिथे प्रोटॉनच कमी, म्हणजे धरणात पाणीच नाही. अशा वेळी थेट एटीपी खर्चून सोडियम बाहेर टाकणारा पंप लागतो. तो म्हणजे ईएनए. नाव 'एक्झिटस नाट्रू' या लॅटिन शब्दांवरून आलंय, अर्थ सोडियमची बाहेर जाण्याची वाट.

पुरावा कसा असावा, याचा नमुना

टीका करायच्या आधी चांगलं काम कसं दिसतं ते सांगायला हवं. ईएनए१ चं जनुक आधी माहीत होतं, पण दुसऱ्या नावाने. १९८९ च्या सुमारास ते पीएमआर२ म्हणून ओळखलं जायचं, आणि क्रमातल्या साम्यावरून कॅल्शियम-पंपांच्या कुटुंबाजवळचं वाटत होतं. १९९१ मध्ये आलोन्सो रॉड्रिगेझ-नव्हारो यांच्या माद्रिदमधल्या गटाने वेगळा रस्ता धरला. त्यांनी पेशी सोडियम बाहेर टाकते की नाही, हे पाहिलं. जनुक बिघडवलेल्या यीस्टमध्ये सोडियमचं बाहेर जाणं कोलमडलं आणि सोडियम-लिथियमपुढे ते यीस्ट हळवं झालं.

बघा, इथे 'यावरून' शब्दाला पाय आहेत. जनुक काढलं, काम थांबलं, पेशी अडचणीत आली. नुसता क्रम बघून बसलो असतो तर कदाचित कॅल्शियमचीच गोष्ट सांगत राहिलो असतो.

आता माझ्या वाक्याकडे येऊ. त्यात तीन उड्या लपलेल्या आहेत. तिन्ही एकेक करून तपासू.

पहिली उडी: वाढलं म्हणजे गरजेचं

यीस्टवर ताण आला की शेकडो जनुकं एकदम वर-खाली होतात. २००० साली झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे ९०० जनुकं अशी सापडली, जी जवळजवळ कुठल्याही ताणाला सारखाच प्रतिसाद देतात. उष्णता द्या, मीठ द्या, उपाशी ठेवा, तीच वरात निघते. त्यामुळे 'मिठात वाढलं' म्हणजे 'मिठासाठी वाढलं' असं होत नाही.

२००२ मध्ये यीस्टची जवळपास सगळी जनुकं एकेक करून काढलेल्या संग्रहावर प्रयोग झाले. त्यातला एक निष्कर्ष मला दरवेळी नव्याने टोचतो: तपासलेल्यांपैकी चार परिस्थितींमध्ये ज्या जनुकांची अभिव्यक्ती ठळकपणे वाढली होती, त्यांपैकी ७ टक्क्यांहून कमी जनुकं त्या परिस्थितीत नीट वाढण्यासाठी खरोखर लागत होती. सात टक्क्यांहून कमी! म्हणजे केवळ 'वाढलं' या एका खांबावर तुम्ही 'गरजेचं' असा शिक्का मारलात, तर बहुतेक वेळा चुकाल.

उलट बाजूही आहे. जे वाढलं नाही ते बिनमहत्त्वाचं, असंही नाही. पीएमए१ च बघा. यीस्टला ग्लुकोज मिळालं की या पंपाचं काम मिनिटांत वाढतं. त्यासाठी नवं प्रथिन बनावं लागत नाही. आहे त्याच प्रथिनाच्या शेपटीवर फॉस्फेट लागतो आणि शेपटीने घातलेला लगाम सुटतो. हा बदल आरएनए मोजून कधीच दिसणार नाही.

वेळेचा मुद्दा तर आणखी मजेशीर आहे. २००४ मधल्या एका सुंदर पेपरमध्ये दाखवलंय की अचानक मीठ टाकल्यावर आत घुसलेल्या आयनांमुळे डीएनएला चिकटलेली प्रथिनंच सुटी होतात. म्हणजे पेशीला जनुकं वाचायचीही सोय राहत नाही. मग हॉग१ नावाचं एन्झाइम आधी पटलात तयार असलेल्या एनएचए१ ला फॉस्फेट लावून कामाला जुंपतं. थोडं सोडियम बाहेर गेलं, की प्रथिनं डीएनएवर परततात आणि त्यानंतर नव्या जनुकांचं वाचन सुरू होतं. घरात पाणी शिरलं तर आधी हाताला लागेल त्या बादलीने उपसतो, मोटर दुकानातून नंतर येते. आपण अर्ध्या तासाने आरएनए काढतो आणि मोटरचं बिल बघून म्हणतो, घर मोटरीने वाचवलं.

दुसरी उडी: जास्त प्रती म्हणजे जास्त सहनशक्ती

जीनोम स्वस्त झाल्यापासून ही उडी फार वाढली आहे. मीठ सहन करणाऱ्या बुरशीचा जीनोम वाचायचा, पंपांची जनुकं मोजायची, आणि जास्त भरली की शीर्षकात 'अनुकूलन' लिहायचं.

इथे मला २०१३ मध्ये आलेले दोन पेपर शेजारी ठेवायचे आहेत. दोन्ही मिठागरांत राहणाऱ्या बुरशींवर आणि दोन्ही कामांमध्ये स्लोव्हेनियातल्या शास्त्रज्ञांचा मोठा हात.

पहिली बुरशी होर्तेआ वेर्नेकी, काळं यीस्ट. स्लोव्हेनियातल्या सेचोव्हल्ये मिठागरांमुळे ही प्रसिद्धीला आली. बिनमिठाच्या माध्यमापासून मिठाने संपृक्त पाण्यापर्यंत कुठेही वाढते. तिच्या जीनोममध्ये २३,३३३ जनुकं असावीत असा अंदाज आला, जवळच्या बुरशींच्या जवळपास दुप्पट, आणि बहुतेक जनुकांच्या दोन-दोन प्रती. अल्कधातूंच्या आयनांची ने-आण करणारी प्रथिनंही भरपूर. वाचणारा खूश! 'पंप जास्त, म्हणून मीठ सोसतं.'

दुसरी बुरशी वॉलेमिया इक्थिओफागा. ही तर आणखी कट्टर. मीठ सुमारे १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वाढतच नाही. म्हणजे पंपांचा डोंगर असायला हवा ना? तिचा जीनोम निघाला जेमतेम ९६ लाख अक्षरांचा, जनुकं ४,८८४. धनआयनांची ने-आण करणारी प्रथिनं थोडीच, आणि मीठ कमी-जास्त केलं तरी त्यांच्या अभिव्यक्तीत फारसा फरक नाही. तिची तऱ्हा वेगळी दिसते: पेशींचे घट्ट गड्डे, जाडजूड भिंती, आणि भिंतीशी संबंधित हायड्रोफोबिन प्रथिनांची रेलचेल.

एकाच प्रकारचं घर, दोन बुरशी, आणि जनुकांच्या मोजणीचं उत्तर एकमेकांच्या उलट. यात भर म्हणून चीजवर आणि समुद्राच्या पाण्यात सापडणारं डेबॅरिओमायसेस हान्सेनी घ्या. ते सोडियम बाहेर हाकलण्याचा फारसा आटापिटा करत नाही. बरंच सोडियम आत ठेवून घेतं आणि तरी मजेत वाढतं, जरी त्याच्याकडे ईएनए जनुकं आहेत.

होर्तेआच्या पेपरवर माझी टीका नाही. जीनोममध्ये काय आहे ते त्यांनी नीट सांगितलं. त्या सबंध जीनोमचीच दुप्पट झाली असेल तर पंपही दुप्पट होणार, इतर जनुकंही होणार. मग पंपांची वाढ ही मिठामुळे झाली की सगळ्यांबरोबर फुकटात मिळाली, हा प्रश्न उरतोच. टीका आहे ती आपल्या वाचण्यावर. होर्तेआचा पेपर आपण उद्धृत करतो आणि वॉलेमियाचा विसरतो, कारण पहिला आपल्या मनातल्या गोष्टीला साजेसा आहे.

तिसरी उडी: आमचं यीस्ट म्हणजे सगळं यीस्ट

ही उडी इतकी छोटी वाटते की दिसतही नाही. प्रयोगशाळेत फ्रीझरमध्ये जे वाण असतं ते आपण वापरतो आणि निष्कर्ष मात्र पूर्ण प्रजातीच्या नावावर लिहितो.

यीस्टच्या एस२८८सी या वाणात, ज्याचा जीनोम १९९६ मध्ये सगळ्यांत आधी पूर्ण झाला, ईएनए जनुकं एका ओळीत तीन आहेत. सीईएन.पीके११३-७डी हेही जगभर वापरलं जाणारं वाण. ते सोडियम आणि लिथियमपुढे विलक्षण हळवं आहे. का? २००९ मध्ये कारण सापडलं: त्याच्याकडे त्या जागी नेहमीची ओळ नाहीच, एकच वेगळं जनुक आहे, ईएनए६. म्हणजे सीईएन.पीके वापरणाऱ्याने 'यीस्टला मीठ सोसत नाही' लिहिलं आणि एस२८८सी वापरणाऱ्याने 'बऱ्यापैकी सोसतं' लिहिलं, तर दोघंही आपापल्या फ्रीझरबद्दल खरं बोलतायत.

गंमत अशी की हे उदाहरण पंपांच्या बाजूनेही बोलतं. एका जागेतल्या फरकाने एवढा परिणाम होतो, म्हणजे ईएनए खरोखर महत्त्वाचं आहे. ते कळलं मात्र वाणांची तुलना करून आणि जनुक तपासून. खांबांची उंची बघून नव्हे.

आणि 'ताण' म्हणजे नक्की कुठला?

वर म्हटलं तसं, मिठाचे त्रास दोन आहेत. एक मोलर सोडियम क्लोराइड टाकलं की दोन्ही एकदम होतात. मग पंप कुठल्या त्रासावर उपाय होता? हे वेगळं करणं अवघड नाही. साधारण तेवढंच परासरण देणारं सॉर्बिटॉल वापरा, त्यात सोडियम नाही. पोटॅशियम क्लोराइड वापरा, त्यात मीठ आहे पण सोडियम नाही. थोडंसं लिथियम वापरा, ते कमी प्रमाणातही सोडियमसारखं विष ठरतं आणि परासरण फारसं बदलत नाही. चार प्लेटा जास्त लागतात, इतकंच. माझ्या अहवालात फक्त सोडियम क्लोराइड होतं. खरं सांगायचं तर सुचलंच नव्हतं.

एवढं ताणून धरायची गरज काय?

कारण या वाक्यांवर पुढे इमारती चढतात.

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स ही बुरशी माणसाच्या मेंदूपर्यंत पोचते आणि मेंदूज्वर घडवते. एचआयव्ही झालेल्यांसाठी ती विशेष घातक. माणसाचं रक्त किंचित अल्कधर्मी, म्हणजे तिथे ईएनए सारखा पंप लागणार असं तर्काने वाटतं. पण २००९ चं काम तर्कावर थांबलं नाही. जनुकं बिघडवलेल्या अनेक उत्परिवर्तींना एकत्र उंदरांमध्ये सोडून कोण मागे पडतं ते पाहिलं, आणि त्यातून ईएनए१ पुढे आलं. म्हणून आज 'माणसात ईएनए कुळातला पंप नाही, बुरशीत आहे, तर औषधाचं लक्ष्य होऊ शकेल' हे म्हणायला काहीतरी आधार आहे. तरी सावध राहावं लागतंच. मलेरियाच्या परजीवीतल्या सोडियम पंपाला अडवणारं सिपारगामिन हे संयुग यीस्टमध्ये तपासलं तेव्हा ते पीएमए१ लाही अडवतं असं २०१६ मध्ये दिसलं. पंपांचं कुळ मोठं आहे आणि भावकी ओळखीची आहे. आपल्या हृदयाच्या पेशींतही याच कुळातला पंप आहे.

दुसरी इमारत शेतीची. सपुष्प वनस्पतींमध्ये ईएनए नाही, पण शेवाळवर्गीय फिस्कोमिट्रेला या मॉसमध्ये आहे. त्या मॉसचा पंप भातात घातल्यावर खाऱ्या परिस्थितीत भाताची एकूण वाढ जास्त टिकली, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. चांगलं काम आहे. पण वाढलेला पालापाचोळा म्हणजे कोठीत आलेलं भात नव्हे. कोकणातल्या खारजमिनीत किंवा गोव्यातल्या खाजनात भात घेणाऱ्याला 'जनुक सापडलं' हे वाक्य कानावर पडतं तेव्हा त्याला वाटतं बियाणं येणार. त्या वाक्याच्या आणि बियाण्याच्या मध्ये किती पायऱ्या आहेत हे सांगायची जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे.

बचाव पक्षाचं म्हणणं

आता दुसरी बाजू. माझा एक सहकारी म्हणाला, "सोपं आहे तुझं. पावाच्या यीस्टमध्ये जनुक काढायला आठवडा लागतो. माझ्या बुरशीत अजून डीएनए आतच जात नाही. मी आरएनए मोजू नको तर काय करू?"

मुद्दा रास्त आहे. मातीतून, मिठागरातून, रुग्णाच्या थुंकीतून वेगळ्या केलेल्या बहुतेक बुरशींत जनुकं बदलायची साधनं तयार नसतात. तिथे अभिव्यक्ती मोजणं हीच पहिली पायरी. ती पायरी घ्यावीच. शिवाय मधले मार्गही आहेत: त्या बुरशीचं जनुक ईएनए नसलेल्या यीस्टमध्ये घालून ते सोडियमपासून वाचतं का बघता येतं. पेशीच्या आतलं सोडियम आणि पोटॅशियम मोजता येतं. वेळेचे पाच टप्पे घेता येतात, एक नाही. आणि काहीच जमलं नाही तर क्रियापद बदलता येतं. 'बजावतं' ऐवजी 'बजावत असेल का, हे तपासायला हवं' लिहायला एकही जास्तीचं रसायन लागत नाही.

अडचण अशी की 'तपासायला हवं' लिहिलेला पेपर छापून आणणं कठीण आणि 'महत्त्वाची भूमिका' लिहिलेला सोपा. पीएच.डी. करणाऱ्याला पेपर हवाच असतो. ही घाई फक्त विद्यार्थ्याची नाही. पण वाक्य मात्र आपणच टाइप करतो.

तर पुढच्या वेळी पेपर वाचताना

असं वाक्य दिसलं की तुम्ही एवढे प्रश्न विचारा: जनुक काढून पाहिलं का? परत घालून पाहिलं का? आयन मोजले का, की फक्त आरएनए? किती वाजता मोजलं? सोडियमचा आणि परासरणाचा त्रास वेगळा केला का? वाण कुठलं? आणि या कथेच्या उलट वागणारी बुरशी लेखकांनी उल्लेखली आहे का?

मी माझं वाक्य बदललंय. आता ते असं आहे: "१ मोलर सोडियम क्लोराइडमध्ये ४५ मिनिटांनंतर, आम्ही वापरलेल्या एका वाणात, या पंपाच्या जनुकाचं आरएनए वाढलेलं आढळलं. ही वाढ सोडियममुळे आहे की परासरणामुळे, आणि मीठ सहन करण्यासाठी ती लागते का, हे अजून तपासलेलं नाही."

वाचायला फिकं आहे, मान्य. मार्गदर्शकांनी वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, "मग सॉर्बिटॉल कधी लावतोयस?" सोमवारी लावतोय. प्लेटा ओतून ठेवल्या आहेत.